कोऱ्या तबकड्यांची बेगमी

मे संपत आला की मुळशीतल्या नेरे गावातल्या आमच्या घरात दोन बेगम्या सुरू व्हायच्या. एक आईची. वर्षाचं तिखट, हळद, डाळी उन्हात खडखडीत करून डब्यांत जायच्या. पडवीत सरपण रचलं जायचं, गोवऱ्यांवर प्लास्टिकचा कागद यायचा आणि इंद्रायणीचं बियाणं खायच्या तांदळापासून लांब, वेगळ्या पोत्यात उभं राहायचं. मृगाचा पहिला शिंतोडा पडायच्या आत हे सगळं व्हायलाच हवं, असा तिचा नेम होता.

दुसरी बेगमी माझी. मोटारसायकलवर रिकामी गोणी बांधून मी पुण्याला बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत जायचो आणि कोऱ्या सीडींचे डबे घेऊन यायचो. एका डब्यात शंभर. मधोमध प्लास्टिकचा दांडा, त्यात ओवलेल्या चकचकीत तबकड्या आणि वरून पारदर्शक टोपण. दुकानदार त्याला केकबॉक्स म्हणायचे, काहीजण स्पिंडल म्हणायचे, आम्ही सरळ शंभरचा डबा म्हणायचो. सुटी सीडी दहा रुपयांना मिळायची, तीच डब्यात घेतली की सहा-सात रुपयांना पडायची. गावाकडच्या धंद्यात तेवढ्या फरकावर महिन्याचं वीजबिल निघायचं.

धंदा लग्नाच्या शूटिंगचा होता. व्हिडिओ कॅसेटचा जमाना सरत आला होता आणि घरोघरी सीडी प्लेअर आले होते. उन्हाळाभर नेरे, जांबे, मारुंजी, कासारसाई अशा गावांत मांडवातून कॅमेरा फिरवायचा आणि पावसाळ्यात खोलीत बसून मिक्सिंग करायचं. एका सीडीत सुमारे ८० मिनिटांचं चित्र बसे, म्हणून एका लग्नाच्या तीन सीड्या होत: साखरपुडा आणि हळद एकीत, लग्न दुसरीत, वरात आणि पाठवणी तिसरीत. एक संच मुलीकडे, एक मुलाकडे, एक माझ्याकडे. म्हणजे एका लग्नाला नऊ तबकड्या. तीस लग्नं झाली की दोनशे सत्तर. डब्यांची बेगमी केल्याशिवाय हा हिशोब बसत नव्हता.

नवा डबा उघडायचा क्षण मला फार आवडायचा. शंभर तबकड्यांचं ओझं दीडएक किलोचं, हातात घेतलं की भरीव वाटायचं. तबकडी तिरकी धरली की खालच्या बाजूला रंग दिसे. काही हिरवट निळ्या, काही फिक्या सोनेरी, काही गडद निळ्या. हा रंग नुसता दिसण्यापुरता नाही, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. पॉलिकार्बोनेटच्या १.२ मिलिमीटर जाड चकतीवर एका सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो, त्यावर चांदीसारख्या धातूचा, आणि सगळ्यात वर लाखेचा. लेझरचा किरण त्या रंगद्रव्याला जिथे पोळतो तिथे खूण उमटते. जिथे पोळत नाही तिथे ते तसंच राहतं. पोळलेलं आणि न पोळलेलं, एवढ्या दोनच अक्षरांत नवरीचं हसू, सनईचा सूर आणि मामाच्या डोळ्यांतलं पाणी लिहिलं जातं. जपानच्या तायो युदेन कंपनीनं १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही लिहिता येणारी सीडी घडवली आणि पंधराएक वर्षांत ती नेऱ्यातल्या माझ्या पत्र्याच्या खोलीत येऊन पोचली.

आणि कोरी तबकडी खरं तर अगदी कोरी नसतेच. कारखान्यातून येतानाच तिच्यावर एक नागमोडी सरी कोरलेली असते. आतल्या कडेपासून निघून ती गोल गोल फिरत बाहेर जाते. सरळ उलगडली तर पाच किलोमीटरहून जास्त भरेल, आमच्या गावातून निघून शेजारच्या गावात पोचावं इतकी. ही सरी नसेल तर लेझरला वाट सापडत नाही. हे वाचलं तेव्हा मला कासारसाईच्या बाजूची उसाची रानं आठवली. सऱ्या पाडून, पाण्याची वाट करून, बेण्यासाठी तयार ठेवलेलं रान रिकामं दिसतं, पण ते मोकळं नसतं. ते कशाची तरी वाट बघत असतं. कोऱ्या तबकड्यांचा डबा मला तेव्हापासून तसा वाटू लागला.

पण तयार रानही फार दिवस तसंच ठेवून चालत नाही. ते मला तेव्हा कळलं नाही.

मुळशीचा पाऊस ज्यानं अनुभवला आहे त्याला ओल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आषाढात बरणीतलं मीठ पाझरतं, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते, काडेपेटी चुलीजवळ ठेवावी लागते. त्या दिवसांत लोडशेडिंगही जोरात होतं. सीडी राइट होत असताना दिवे गेले की ती तबकडी वाया जायची. म्हणून मी बॅटरी आणि इन्व्हर्टर घेतला. कोऱ्या तबकड्या मी बऱ्यापैकी जपल्या. डबा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत. लिहिलेल्या तबकड्यांची मात्र मी हेळसांड केली. रिकामा झालेला डबा फेकवेना, म्हणून माझ्या वाट्याचे संच मी त्याच डब्यांत एकावर एक ओवले आणि डबे पत्र्याखालच्या माळ्यावर चढवले. उन्हाळ्यात तिथे हात लावला की चटका बसे आणि पावसाळ्यात भिंतीतून ओल चढे. कोऱ्याची मला किंमत होती, कारण ते विकत आणलेलं होतं. लिहिलेलं काम झालेलं होतं, म्हणून ते माळ्यावर गेलं.

२००६ सालची कासारसाईची एक हळद मी त्यातच ठेवली होती.

आमच्याकडे हळदीआधी मुहूर्ताचं जातं मांडतात. जात्याला हळकुंड आणि सुपारी पिवळ्या फडक्यात बांधतात आणि सुवासिनी मिळून हळद दळतात. त्या घरी नवरीची आजी भिंतीला टेकून बसली होती. सत्तरी उलटलेली, दात गेलेले. बायकांनी खुंट्याला हात लावला आणि तिनं ओवी धरली. पहिली देवाची, मग गावाची, मग लेकीची. दुसऱ्या बायका मागून उचलू लागल्या. जात्याची घरघर खाली आणि आवाज त्याच्यावर, असं वीस-बावीस मिनिटं चाललं. मी कॅमेरा स्टँडवर लावून गप्प उभा राहिलो. एरवी मी सारखं हिकडं बघा, तिकडं बघा करणारा माणूस, पण त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

आणि मिक्सिंगला बसल्यावर मी तेच केलं जे सगळे करत होते. मूळ आवाज बंद केला आणि हळदीच्या चित्रावर सिनेमाचं गाणं चढवलं. गिऱ्हाईकाला तेच हवं असायचं. गाणं नसलेली सीडी लोकांना अर्धवट वाटायची. मिनी डीव्ही टेप महाग, म्हणून सीडी झाली की तीच टेप पुढच्या लग्नाला वापरायची, तीही रीत होती. अशा कितीतरी हळदींचे आवाज मी माझ्या हातानं पुसले आहेत. त्या काळात कुणी मला त्यासाठी दोष दिला नाही. आज मी स्वतःला देतो.

ही एक हळद वाचली ती नवरीच्या आत्यामुळे. संच द्यायला गेलो तर त्यांनी ती सीडी लावून पाहिली, बंद केली आणि म्हणाल्या, “भाऊ, शिनेमाचं गाणं मला नको. माझ्या आईनं म्हटलेलं जसंच्या तसं दे. तेवढीच येक शिडी कर.” टेप अजून पुसली नव्हती. घरी येऊन मी काटछाट न करता, आवाजासकट दोन प्रती काढल्या. एक त्यांना दिली, एक माझ्या डब्यात ओवली. वर नवरा-नवरीच्या फोटोचा गोल स्टिकर चिकटवला आणि बॉलपेननं दाबून तारीख लिहिली.

गेल्या वर्षी त्या नवरीची मुलगी आली. कॉलेजला जाते. तिला जात्यावरच्या ओव्यांवर काही लिहायचं होतं. म्हणाली, “काका, पणजीच्या ओव्या तुमच्याकडे आहेत, असं आई म्हणते.” मी मोठ्या विश्वासानं शिडी लावली, माळ्यावर चढलो, डबा खाली आणला. तबकड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. सोडवताना स्टिकरची कड उचलली गेली आणि तिच्याबरोबर चांदीचा पापुद्रा निघून आला. तबकडी उजेडासमोर धरली तर तिच्यातून बारीक बारीक चांदण्या दिसत होत्या. ड्राइव्ह थोडा वेळ घरघरला आणि थांबला.

मग पत्र्याची पेटी उघडली. त्यात कोऱ्या तबकड्या होत्या. मोजल्या, त्रेचाळीस भरल्या. जो आवाज वाचवायला एक जास्तीची प्रत पुरली असती, त्याच्या शेजारी मी त्रेचाळीस कोऱ्या प्रती एकोणीस वर्षं जपून ठेवल्या होत्या.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. सीडीची खालची, चमकणारी बाजूच नाजूक असते, असा माझा समज होता. उलट आहे. खालून जाड प्लास्टिकचं कवच असतं. धातूचा थर असतो वरच्या बाजूला, लाखेच्या पातळ पदराखाली. तिथे बॉलपेनचं टोक दाबलं की घाव थेट मजकुरावर. स्टिकरचा गोंद थंडी-उन्हात आखडतो आणि सैलावतो आणि सोलताना धातूसकट निघतो. डीव्हीडीत रंगद्रव्य दोन चकत्यांच्या मधोमध असतं, म्हणून वरून ती जरा सुरक्षित. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक संस्थेनं ग्रंथपालांसाठी २००३ मध्ये एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात या सगळ्या गोष्टी साध्या शब्दांत सांगितल्या आहेत. तबकडी ४ ते २० अंश तापमानात ठेवावी, हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. प्रत्येकीला स्वतंत्र डबी असावी आणि ती पुस्तकासारखी उभी ठेवावी. पुसायची तर मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नाही. ऊन लागू देऊ नये. कोरा डबाही लागेल तेव्हाच फोडावा. यातली एकही गोष्ट मी केली नव्हती. २००१ मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझसारख्या दमट देशातून आलेल्या एका सीडीवर धातू आणि प्लास्टिक खाणारी बुरशी स्पेनच्या संशोधकाला सापडली होती. ते वाचताना मला आमचा आषाढ डोळ्यांसमोर दिसला.

मी काढलेल्या दोन प्रतींपैकी दुसरी, आत्यांना दिलेली, उरली होती. त्या मुलीला घेऊन मी कासारसाईला गेलो. आत्याबाई आता थकल्या आहेत. त्यांनी लाकडी पेटी उघडली. लुगड्यांच्या घड्यांमध्ये, कडक प्लास्टिकच्या डबीत, ती सीडी होती. काळोख, कोरडेपणा, ऊन नाही, ओल नाही, आणि दर दिवाळीला पेटी उघडून वारा द्यायची सवय. त्यांनी कोणतीही मार्गदर्शिका वाचली नव्हती. आईचं लुगडं जसं जपायचं तसा त्यांनी आईचा आवाज जपला होता. मुलीनं सोबत आणलेल्या ड्राइव्हमध्ये तबकडी घातली. आधी जात्याची घरघर आली, मग आवाज आला. आत्याबाई खुंटा धरल्यासारखी मूठ करून बसल्या होत्या. संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

परतताना मला आईचं बियाणं आठवलं. आई बियाणं कधीच एका जागी ठेवायची नाही. थोडं पोत्यात, थोडं मडक्यात राख घालून, आणि दोन पायल्या मावशीकडे जांब्याला. आपल्याकडे किडलं तर तिकडून आणता येईल, तिकडे किडलं तर आपल्याकडून देता येईल. आणि दरवर्षी ते पेरायचंच. बियाणं जुनं होऊ दिलं की त्याची उगवण जाते, हे तिला पक्कं माहीत होतं. बेगमी या शब्दाचा अर्थ मी फक्त साठवण असा घेतला होता. तिच्या लेखी साठवणं, वाटून ठेवणं आणि वेळेत पेरणं हे तिन्ही मिळून बेगमी होती.

ओव्यांच्या बाबतीत हेच काम आमच्या मुळशी तालुक्यात फार मोठ्या प्रमाणावर झालं आहे, आणि माझ्यासारख्या मुळशीकराला ते उशिरा कळावं याचं वाईट वाटतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. आमच्याच तालुक्यातल्या कोळावड्यासारख्या गावांतल्या बायका त्यात आहेत. संख्या १ लाखावर गेली. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं. पुढे ते सगळं संगणकावर चढलं आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून ते जगासमोर येऊ लागलं. कागदावरून टेपवर, टेपवरून संगणकावर, एका संस्थेकडून दुसरीकडे, असा तो आवाज हातोहात पुढे गेला. टेप चांगली होती म्हणून तो टिकला असं मी म्हणणार नाही. तो टिकला, कारण प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी त्याची नवी प्रत काढली.

आम्हा या मुलखातल्या माणसांना हे नवं वाटायला नको. देहू आमच्यापासून लांब नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, ती कथा इथल्या लहान पोरालाही येते. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे आणि ती मला प्रिय आहे. पण तिच्याच जोडीला मी आता आणखी एक गोष्ट आठवतो. चाकणच्या संताजी जगनाड्यांनी ते अभंग आपल्या वह्यांत उतरवून ठेवले होते, आणि गावोगावच्या वारकऱ्यांच्या ते ओठांवर होते. जे अनेकांकडे आहे, ते एका डोहात बुडत नाही.

तबकड्यांचा काळ आता सरला आहे. १९८३ मध्ये सुरू झालेली आणि एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या तबकडी उत्पादकांमध्ये गणली गेलेली आपल्या देशातली मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. लिहिता येणारी सीडी घडवणाऱ्या तायो युदेननं २०१५च्या अखेरीस हा धंदा सोडला. २०२५च्या फेब्रुवारीत सोनीनं कोऱ्या ब्लू-रे तबकड्या आणि मी वापरायचो त्या मिनी डीव्ही टेपचं उत्पादन थांबवलं. नव्या लॅपटॉपला तबकडीची फट नसते. शंभर तबकड्यांत मिळून जे ७० जीबी बसायचं, ते आता नखाएवढ्या कार्डात मावतं. त्या कार्डालाही ओल लागते, तेही हरवतं, तेही एके दिवशी उघडत नाही. वस्तू लहान झाली म्हणून जपण्याचं काम लहान झालेलं नाही.

त्रेचाळीस कोऱ्या तबकड्यांपैकी दहांवर मी ती हळद उतरवून पाहिली. बाहेरून जोडायचा रायटर घेतला, वेग कमी ठेवला आणि प्रत्येक प्रत लिहून झाल्यावर पडताळली. दहांतल्या चार नापास झाल्या. त्या मार्गदर्शिकेत कोऱ्या सीडीचं आयुष्य पाच ते दहा वर्षांचं धरलं आहे. न वापरताही तिचं रंगद्रव्य म्हातारं होतं. माझ्या पेटीत जपलेलं कोरेपणसुद्धा एकोणीस वर्षं हळूहळू संपत होतं.

उरलेल्या सहा चांगल्या निघाल्या. त्यातली एक नवरीला दिली, एक तिच्या मुलीला, एक आत्याबाईंना, त्यांच्याच पेटीत ठेवायला. एक गावातल्या शाळेत दिली. दोन माझ्याकडे आहेत, वेगळ्या खोल्यांत, डबीत उभ्या. शिवाय ती फाइल दोन हार्डडिस्कवर आहे आणि मुलीच्या फोनमध्ये आहे. दर पाडव्याला ती उघडून पाहायची, असं मी आणि त्या मुलीनं ठरवलं आहे.

तुमच्या घरातही अशी एखादी तबकडी असेल. शोकेसमध्ये, कपाटाच्या वरच्या फळीवर, लग्नाच्या अल्बमच्या खिशात. तिच्यावर आता हयात नसलेल्या कुणाचा तरी आवाज असेल. गावातल्या एखाद्या जुन्या स्टुडिओत अजून रायटर सापडेल, शेजारच्या पोराकडे जुना लॅपटॉप असेल. या वर्षी मृग लागायच्या आत ती तबकडी बाहेर काढा, तिच्या तीन प्रती करा आणि त्या तीन वेगवेगळ्या घरांत ठेवा.